शेवटचा चिमटा

सोहारच्या उन्हात बॅटरीनं दोन वर्षं काढली
तर दीर्घायुषी म्हणायचं तिला.
इथं थंडीनं नाही, ऑगस्टनं मरतात बॅटऱ्या,
आतलं पाणी आटून, न बोलता.

रात्रीचे पावणेअकरा. आमच्या पार्किंगमध्ये
बॉनेट उघडून एक माणूस उभा,
आणि दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी
आ करून त्याची जुनी सनी.
हातात केबलही नाही. म्हणजे
केबल माझी, करंट माझा,
गाडी माझी, अजून एकवीस हप्ते बँकेची,
फक्त अडचण त्याची.

नाव गुलजमान. पाण्याचा टँकर चालवतो.
भाऊ कायमचा परत चाललाय स्वातला,
तीनचं विमान, मस्कतहून.
मी एकटी बाई. काखेत नववी 'ब'च्या वह्या,
मनात देवळेकर.

देवळेकर आपलेच. मंडळाचे खजिनदार.
तेही असंच म्हणाले होते, "वहिनी, जरा स्टार्ट द्या,"
आणि मी टॉर्च शोधेपर्यंत
लाल काळ्याला जोडून मोकळे.
बारीकसा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा,
मग जळक्या प्लास्टिकचा वास.
माझ्या गाडीचा मेंदू गेला. दोनशे बारा रियाल.
त्यांची वीस रियालांत उठून बसली.
कोजागरीला दूध ओतता ओतता विचारलं त्यांनी,
"काय, बरी आहे ना आता गाडी?"
जणू ताप आला होता तिला.

लहानपणी शेजारची यायची विरजणाला.
चमचाभर दिलं तरी आपलं दही दहीच राहायचं.
दिव्यावर दिवा लावला तर पहिला मिणमिणत नाही.
बॅटरी तशी नसते, गुलजमानभाई.
तिच्यातून गेलं ते गेलं,
आणि उलटं जोडलं तर
देणाऱ्याचंच घर आधी जळतं.

हे काही मी बोलले नाही.
बोलले एवढंच, माझ्या शाळेतल्या आवाजात :
हात लावायचा नाही. टॉर्च धरा.

लाल त्याच्या अधिकाला.
लाल माझ्या अधिकाला.
काळा माझ्या उण्याला.
आणि उरलेला काळा
त्याच्या बॅटरीवरच लावा म्हणून तो बोट दाखवू लागला.
नाही. तिथं नाही.
बॅटरीतून हायड्रोजन सुटतो.
वर्गात मी परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेते,
पॉप होतं, मागचा बाक हसतो.
इथं नळीचं तोंड नसतं, आपलं असतं, वाकलेलं.
म्हणून शेवटचा चिमटा लांब,
इंजिनाच्या उघड्या लोखंडावर.
ठिणगी पडायचीच.
कुठं पडू द्यायची, एवढंच आपल्या हातात.

परेराबाईंचा नवरा गेला, तेव्हा स्टाफरूममध्ये
मी सरळ त्याचंच नाव काढलं होतं.
जेवलात का, एवढं विचारायला हवं होतं.

टॉर्च हलत होता. "बहनजी," तो म्हणाला,
"मुल्किया भी खतम है. इन्शुरन्स भी."
हे आत्ता सांगताय?
चिमटा लोखंडाला लागला होता.

तिसऱ्या किल्लीला सनी खोकली, थरथरली, लागली.
आता बंद पडू द्यायची नाही, म्हणून त्याला
उतरून आभार मानता येईनात.
खिडकीतून पश्तूत काहीतरी ओरडला.
एक शब्द कळला नाही. वळणावर
त्याचा एकच मागचा दिवा लागला.

मग मी, आणि चालू ठेवलेलं माझं इंजिन.
बंद करून पुन्हा लागतंय का
हे बघायची छाती होईना.
लाल वायर एका पिशवीत, काळी दुसऱ्या,
एकमेकींना शिवू नयेत अशा,
आणि बंदराकडच्या राउंडअबाउटला
एक फेरी, दुसरी, चौथी.
वह्या तशाच.
एव्हाना तो सहमच्या आसपास असेल.
की एखाद्या सिग्नलला बॉनेट उघडून
पुन्हा उभा, माझ्यासारख्याच कुणाची तरी वाट बघत,
ज्याला कुणी देवळेकर भेटलेला नसेल.