तिसरा घास

कोंबोल्चाला मी माग शिकवायला गेलो होतो.
इचलकरंजीची तीस वर्षं हातात,
अम्हारिकचे चार शब्द खिशात,
त्यातले दोन चुकीचे.

शुक्रवारी शिमेलिस म्हणाला, आज आईकडे जेवायला चल,
पण आमचा उपास आहे.
म्हटलं, म्हणजे साबुदाणा?
त्याला काही कळलं नाही.
मीच हसलो, एकटा.

घर टेकडीवर, पत्र्याचं.
निलगिरीच्या लाकडाचा धूर.
जमिनीवर ताजं हिरवं गवत पसरलेलं,
पाहुणा नाही, गाय यायची होती जणू.
यशिमेबेतबाईंनी तांब्याने हातावर पाणी घातलं,
मी नको नको म्हणेपर्यंत.

रंगीत टोपलीचं मेज, त्यावर टोपलीचंच झाकण.
झाकण निघालं, तर आत
घडी घालून ठेवलेलं कापड.
राखाडी, ओलसर, मऊ.
सवयीने चिमटीत धरून पाहिलं:
ताणा नाही, बाणा नाही, नुसती भोकं.
हातरुमाल असणार.
मांडीवर पसरला.

घर हसलं.
म्हातारी डोळे पुसेपर्यंत हसली.
ते खायचं असतं, शिमेलिस म्हणाला. इंजेरा.
तेफचं पीठ, खसखशीहून बारीक दाणा,
तीन दिवस आंबवलेलं.
मी तसाच बसून राहिलो
मांडीवर आंबोळी घेऊन,
पहिल्या सणाला आलेल्या जावयासारखा.

मग दुसरा इंजेरा आला, परातभर,
आणि त्यावर ढीग:
लाल मसूर, हळदीतला कोबी,
कसलीशी गडद पालेभाजी,
आणि मधोमध, मडक्यातून थेट,
अजून बुडबुडे फुटत असलेलं काहीतरी.
एक घास घेतला आणि मी ओरडलो,
मराठीत,
पिठलं!

हरभऱ्याचंच पीठ. लसूणही तोच.
तिखट मात्र मागच्या दाराने येणारं,
त्यात ओवा, वेलदोडा,
आणि एक पान, ज्याचं नाव
शिमेलिसलाही सांगता येईना.
शिरो, ती म्हणाली.
पिठलं, मी म्हणालो.
शिरो.
पिठलं.
नात आळीपाळीने दोघांकडे बघत होती,
निकाल राखून ठेवलेल्या न्यायाधीशासारखी.
आमच्याकडे शिरा गोड असतो, हेही सांगायचं होतं.
चार शब्दांत बसेना.

परात एक, हात पाच.
मी माझ्या बाजूची हद्द आखून खात होतो,
कोणाच्या बोटांना बोटं लागणार नाहीत अशा बेताने.
तिने ते पाहिलं असणार.
एक तुकडा तोडला,
त्यात थोडा मसूर, थोडी भाजी, बरंचसं पिठलं,
विडा बांधावा तसा बांधला
आणि सरळ माझ्या तोंडाशी आणला.

मी मागे सरलो.
आपल्यात घास भरवतात तो लेकराला,
अंथरुणातल्या माणसाला,
नाहीतर लग्नात, नाव घ्यायला लावून.
मी छप्पन्न वर्षांचा. मिशी पांढरी.
गुर्शा, शिमेलिस म्हणाला. नाही म्हणायचं नसतं.
तोंड उघड.

उघडलं.
बोटं ओठांना लागली.
अंगठ्याजवळ घट्टा.
सूत कातणाऱ्या हाताचा घट्टा मी अंधारातही ओळखीन.

झालं, असं वाटलं, तर दुसरा आला.
इथे म्हणे एका घासाने वैर येतं,
दोनाने ताटातूट,
तिसऱ्याने गोत जुळतं.
मधे थांबायची सोयच नाही.

तिसरा चावताना आठवू लागलो,
मला शेवटचं कोणी भरवलं होतं.
पिवळी चादर आठवली.
मऊ भात आठवला, वाटीचा चेपलेला काठ.
हात कोणाचा, ते काही आठवेना.

मग माझी पाळी.
चालत्या मागावर तुटला धागा सांधणारी ही बोटं,
पण तिच्या तोंडापर्यंत जाताना
अशी थरथरली,
की अर्धा घास तिच्या पांढऱ्या नेतेलावर.

काही नाही, ती म्हणाली, धुतलं की जाईल.
शिमेलिसने भाषांतर केलं.
मी मान हलवली.

तेल, लाल तिखट,
आणि हाताने कातलेलं कोरं सूत.
तो डाग जात नाही.
मला कापडातलं तेवढं कळतं.