लिऊ अँड

दवाखाना म्हणायचं आता, दुकान नाही,
शुफेनताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं.
अठ्ठावीस वर्षं दुकानच म्हणत आलो.
गणपती पेठेतले हमालही म्हणतात,
'लिऊच्या दुकानात जाऊन दाढ काढून ये जा.'

मी बाळगोंडा. कवळ्या करतो.
मेण तापवायचं, साचा ओतायचा,
गुलाबी हिरडीत एकेक दात उभा करायचा.
हळदीच्या अडत्याला पांढरेशुभ्र चालत नाहीत,
लोक म्हणतील दुसऱ्याचे लावलेत.
मग जरा पिवळा मिसळायचा.

आता बाकडं गेलं.
चार खुर्च्या आल्या, आणि नंबर.
रजिस्टर गेलं,
ज्यात अण्णा नावं चिनीत लिहायचे
आणि उधारी तेवढी मराठीत,
मला वसूल करता यावी म्हणून.
कवळ्यांची मापं यापुढं कुरियरनं कोल्हापूरला जाणार,
असं ताई म्हणाल्या
तेव्हा मी स्पिरिटचा दिवा विझवला.
उगाच.

अण्णांनी मीटिंग घेतली नाही.
दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले,
पुराची रेघ आहे त्या भिंतीजवळची
स्वतःची खुर्ची उचलली,
माझ्या टेबलाशेजारी आणून ठेवली.
वडिलांचं, पायानं चालवायचं यंत्र पुसलं,
त्यावर पंचा टाकला.
म्हणाले, 'बाळगोंडा, पाणी आलं तेव्हा
आधी काय माडीवर नेलंस?'
'साचे.'
'आणि रजिस्टर?'
'ते भिजलं की.'
'उधारी?'
'निम्म्यांनी आणून दिली. आपणहून.'
ते हसले नाहीत.
चहा सांगितला. तीन कप.

ताई संध्याकाळी टेबलाशी उभ्या राहतात.
पिवळा किती घ्यायचा, विचारतात.
नखभर, मी म्हणतो.
ग्रॅममध्ये सांगा, म्हणतात.
मी नख पुढं करतो.
त्या फोटो काढतात.

पाटी रंगवायला दस्तगीर आला.
'लिऊ अँड सन्स' मधलं सन्स खोडू का?
मुलगा तर झालाच नाही,
आजोबांनी पाटी आधी करून ठेवली होती.
अण्णा म्हणाले, खोड. पुढचं तिला विचार.
ताई कॉम्प्युटरवरून मान न काढता म्हणाल्या,
'सध्या जागा सोडा.'

महिना झाला.
येणारेजाणारे वर बघून विचारतात,
अँड कोण?
मी म्हणतो, रंग वाळतोय अजून.