पाठचा

उणे सात अंश. म्हणजे निळं मेण.
हे बोटांना पाठ आहे, मला विचारावं लागत नाही.
हेलसिंकीच्या डॉक्टरीणबाईंनी बारा आठवडे सांगितले होते,
मी एकोणीस थांबले. वरचे सात
निव्वळ भीतीचे.
गुडघा दुखतो, असं सांगत राहिले सगळ्यांना.

कुह्मोच्या जंगलातली दिव्यांची वाट,
अडीच किलोमीटरचं कडं, बासष्ट खांब.
मागच्या मार्चपर्यंत इथे मी आठ फेऱ्या मारायचे
आणि मग टपालाची गाडी घेऊन कामावर.
आज ठरवलंय, तेविसाव्या खांबापर्यंत.
तिथे चढ संपतो.
तो चढ आहे, हे मला या वर्षीच कळलं.

पहिला रेटा.
दोन्ही काठ्या एकदम रोवून अंग पुढे झोकायचं,
तर डाव्या कुशीतून कोणीतरी म्हणतं, थांब.
तिथे वितीएवढा व्रण आहे
आणि व्रणाच्या आत एक जागा.
रिकामी नाही म्हणे ती. बाकावरचं एक माणूस उठून गेलं
की उरलेले ऐसपैस होतात, तशी आतडी सरकून बसतात.
असतील.
दात पडल्यावर जीभ सारखी तिथेच जाते,
माझा श्वास जातो तसा.

चौथा खांब. सहावा.
सातव्यापाशी मागून आइला आली, नातीला घेऊन,
"वाट!" म्हणून ओरडली, रीतीप्रमाणे.
मी बाजूच्या भुसभुशीत बर्फात उतरले.
सव्वीस हिवाळ्यांत पहिल्यांदा
मी कुणाच्या तरी वाटेत होते.
नात वळून वळून बघत गेली.

दुखलं तरी नेहमीची गोळी आता घ्यायची नाही,
उरलेलीला ती सोसत नाही.
दोघींचं एकटीनं ओढतेय ती,
तिच्यासाठी म्हणून पाणी पिते, तहान नसली तरी.
नववा. दहाव्याला थुंकले, घाम पुसला,
झाडं मोजतेय असं दाखवलं.

अकराव्याशी आह्ती उभा.
माझा पाठचा.
पाच वर्षांनी धाकटा, आणि आता
माझ्याच पाठीतलं काहीतरी पोटात घेऊन
फरची टोपी कानांवर ओढून उभा.
गळ्यात आईचं जुनं स्टॉपवॉच,
हातात ब्लूबेरीच्या सूपचा थर्मास.
चार वर्षं हा आठवड्यातून तीनदा कायानीला जायचा,
यंत्राला रक्त देऊन परत घ्यायचा.
दिवसाला अर्धा लिटर पाणी, मोजून.
उन्हाळ्यात तळ्याकाठच्या घराच्या पायरीवर
बर्फाचा एक खडा गालात धरून बसलेला असायचा,
आणि आम्ही त्याच्यासमोर बियर पीत नसू.

"बारा मिनिटं," तो म्हणाला. "आजी झालीस."
मग म्हणाला, "ही तुझी किडनी मला पहाटे चारला उठवते.
म्हणते, ऊठ, बर्फ पडलाय."
"खोटारडा."
"खरंच. तुझीच खोड आहे."
मी सूप घेतलं. कोमट, पिठूळ, जांभळं,
पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत अर्ध्या वाटेवर मिळतं तसं,
आणि मी जेमतेम चारशे चाळीस मीटर आलेली.
हसू येत होतं, पण हसलं की व्रण ओढतो.

तो म्हणाला, "आलोच,"
आणि स्प्रूसच्या मागे गेला.

मी कप धरून उभी.
खांबावरचा दिवा गुणगुणत होता.
फांदीवरून थोडा बर्फ सांडला.
सुपावर साय धरली.
बाराव्या खांबाकडे पाहिलं. आज एवढंच पुरे झालं असतं,
पण पाय आधीच वाटेच्या खोबणीत जाऊन बसले होते.

"लेम्पी!" झाडामागून हाक आली,
त्याचा आवाज फुटला होता, दहा वर्षांच्या पोरासारखा,
"अजून चालूच आहे!"

घड्याळाचं म्हणत असावा.
मी काठ्या रोवल्या.