दीड इंच

कळमन्याच्या शेडमध्ये नाव तयार होती.
अठरा फूट, सपाट बुडाची, पत्र्याची,
आतून हिरवी. ट्रॅक्टरला लावून उरलेला रंग तो.
पेंचच्या कालव्यातलं गवत काढायचं कंत्राट मिळालेलं,
इंजिन तेवढं ठरायचं होतं.

बाबा म्हणाले, आतलं बसवू.
पाच हॉर्सपॉवरचं डिझेल,
काटोलकडच्या संत्राबागेत सोळा वर्षं पाणी ओढलेलं.
"जीव पोटात असावा नावेच्या.
शेपटाले काय बांधाचा?"
बाबांना ऐकू कमी येतं.
आतलं इंजिन तळपायांना कळतं
हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

भोजराज मोबाइलवर बाहेरचं दाखवत होता.
"बेशरमची मुळी गुंतली पात्यात, मंग?
उतरसान गळ्याइतक्या पाण्यात, या वयात?
हे उचललं, साफ केलं, सोडलं परत.
अन् रात्री खांद्यावर टाकून घरी.
आतलं येते का घरी झोपाले?"

पैसे माझे होते, मेयोतल्या रात्रपाळ्यांचे,
म्हणून दोघंही एकमेकांशी भांडताना
माझ्याकडे बघत.

मोमिनपुऱ्यात मुनव्वर मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं,
चहा बशीत ओतला, फुंकर मारली
आणि एवढंच विचारलं,
कालव्याला पाणी किती दिवस असतं?
पाळीपुरतं, बाबा म्हणाले.
मग उरलेले दिवस तुमचं इंजिन कोणाच्या भरवशावर?
कोणी बोललं नाही.
बाहेर कोणीतरी सायलेन्सर ठोकत होतं.

तेव्हा बाबा बशीकडे बघत म्हणाले,
"भोक पाडून झालं ना, बाप्पा."

काल. मी ड्युटीवर, भोजराज मौद्याला,
आणि त्यांनी एकट्यानं, मागच्या अंगाला,
दांड्यासाठी.
दीड इंच. कडा कानशीनं घासलेली,
बोट फिरवलं तर कुठे लागू नये अशी.
आणि इतकं मधोमध
की भोजराजला नीट रागावताही येईना.

बाहेरचंच घेतलं. दुसऱ्या हातचं, झाकणाला चीर गेलेलं.
भोकात बाभळीचं बूच, वरून डांबर.
पाणी सुटलं की बूच फुगतं, बसतं.
कालवा आटला, नाव उन्हात पालथी पडली
की आकसतं.
दर पाळीच्या आधी बाबा हातोडी घेऊन येतात,
खूप वेळ नुसते बघतात,
मग दोनदा ठोकतात.

नाव चालू झाली की ते पुढे बसत नाहीत.
मागेच, बुचाजवळ, चपला काढून.
भोजराज दोरी ओढतो, तिसऱ्यांदा इंजिन ओरडतं,
काठावरचे बगळे उठतात.
बाबांच्या चेहऱ्यावर काहीच नाही.

परवा त्यांच्या कानाशी वाकून विचारलं,
लागतं का काही पायाला?
"इंजिनाचं नाही," म्हणाले.
"पाणी येते थोडं. थे समजते."