नावाड्याची दाढ

ताम्पेरेत, नोव्हेंबरात, दुपारी साडेतीनलाच दिवा लावून
आउने केट्टुनेन एका नावाड्याला दाढदुखी देते.

त्याचं नाव तार्मो. खेळातल्या नदीवर
येईल त्याला तो पलीकडे सोडतो,
आणि कालपर्यंत त्याच्या फाइलीत एवढंच होतं:
पुरुषांवर प्रेम करतो. तिसऱ्या प्रकरणात मरतो.
दोन वाक्यं, शेजारी शेजारी,
जणू पहिल्यामुळेच दुसरं.

ती दुसरं आधी खोडते.
मग पहिलंही,
कारण लोहाराच्या फाइलीत कुठे लिहिलंय
की तो बायकांवर प्रेम करतो?
त्याच्या फाइलीत ऐरण आहे, उधारी आहे,
मेव्हण्याशी धरलेला अबोला आहे.

मग तार्मोला दाढ. खालची, उजवीकडची.
थंड पाण्याचा धसका, नावाडी असून.
आणि माशाचं सूप, जे त्याला जमतच नाही,
कारण मीठ टाकायचं काम दुसऱ्याचं होतं.

बैठकीत एस्को विचारतो, दुसऱ्याचं म्हणजे कुणाचं?
खेळणाऱ्यालाच ठरवू दे ना, एक बटण देऊ.
नवरा हवा त्याला नवरा, बायको हवी त्याला बायको,
उगाच कुणी दुखावायला नको.
आउने म्हणते, दाढही बटणावर ठेवायची का?
कुणी हसत नाही. हीटर तेवढा कुरकुरतो.

वाक्य राहतं.
"मीठ आर्वो टाकायचा. मी अजून दोघांपुरतं पाणी ठेवतो."
खाली तीन उत्तरं:
मला पलीकडे सोड.
आर्वो कोण?
आणि तिसरं, न बोलता वल्हं हातात घ्या.

उत्तरेला, केमीत,
कागदगिरणीतून निवृत्त झालेले सुलो
बहिणीच्या नातवाने ठेवून दिलेल्या यंत्रावर
रात्री दोनला ते वाचतात.
चष्मा पुसतात. परत वाचतात.

इथे जरा थांबावं लागतं.
सुलोंच्या भाषेत तो आणि ती एकाच शब्दात राहतात: हॅन.
चाळीस वर्षं गिरणीच्या कँटीनमध्ये
व्हिएनोविषयी ते बोलत राहिले.
हॅन सोबत. हॅन आजारी. हॅन आता नाही.
एक अक्षर खोटं नव्हतं.
नावही असं, की मुलाला चालावं, मुलीलाही.
व्याकरणाने पांघरूण घातलं;
त्यात ऊब होती,
हवा कमी होती.

मराठी असं काही पांघरायला देत नाही.
तिचं क्रियापद दारातच अडवतं:
आला, की आली?
म्हणून व्हिएनोला मी अजून
एकही क्रियापद लावलेलं नाही.

सुलो तिसरं उत्तर निवडतात.
पडद्यावर वल्हं हातात येतं.
तार्मो काही विचारत नाही,
गाल धरून थोडा सरकतो, जागा करतो.

नदी ओलांडायला चाळीस सेकंद.
पलीकडे किल्ला, राणी, शेवटची लढाई.
सुलो काठाला लागतात, उतरत नाहीत.
नाव वळवतात.
परत जातात. परत वळवतात.

रविवारी नीलो येतो. दोनशे तास झाले, आजोबा,
आणि तुम्ही अजून दुसऱ्याच प्रकरणात?
नावाड्याची दाढ दुखतेय, सुलो म्हणतात.
आणि मग, सूप ढवळत, पाठमोरेच,
मिठावरून व्हिएनोचं नाव काढतात.

पोरगं दुसरं उत्तर निवडतं:
व्हिएनो कोण?

डाव ढवळायचा थांबतो.
त्यांच्या भाषेत पुरुष आणि नवरा
यांना एकच शब्द आहे, छोटा,
एका श्वासात मावणारा.
सुलो तो उच्चारतात.

तर आता मलाही लिहिता येईल:
व्हिएनो मीठ
जरा जास्तच टाकायचा.