कवेलू फेरताना

घाटंजीच्या पुढे, डांबर संपतं तिथून अर्धा कोस.
ट्रॉलीत आम्ही अकरा जण, सहा टिनं, दोन घमेली,
बेन्याच्या मामाची शिडी,
आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना करून दिलेली
खिळ्यांची पुडी.

गिरजाबाई वरवाडे लिंबाखाली बाजेवर,
मोडलेला पाय विटेवर टेकवून.
टिनं पाहिली आणि म्हणाली,
"हे काऊन आणलं बाप्पा?
मे महिन्यात मले भाजून खाता का?"

यादीत तसा रकाना नव्हता.
यादीत होतं: नाव, वय, गळती किती जागी.
संघाचा सचिव ईनोस म्हणाला, आजी, टिन टिकतं.
तिनं काठी छपराकडे केली.
"तेही चाळीस वर्सं टिकलं. फेरून द्या फक्त."

फेरायचं कसं
हे आमच्यात कुणालाच येत नव्हतं.
शाळेत नाही, रविवारच्या शाळेतही नाही.
मग ती बाजेवरून सांगत गेली:
खालून वर जा. नाली आधी, झाकण मंग.
वाशावर पाय दे, पोरी, कामटीवर नोको.
मी वर चढले तेव्हा
समोरच्या ओट्यावरचे दोघे म्हातारे सरळ होऊन बसले.
विंचू निघाला तेव्हा मात्र
ईनोस सर्वांत आधी शिडी उतरला.

एकानं खालून विचारलंच,
"चर्चचे पोट्टे ना तुमी? बदल्यात काय घेता?"
आम्ही उत्तर जुळवतोय तोवर बाजेवरून आलं,
"दोन घमेले धूळ. तुले पायजे का?"

दुपारी एक कवेलू हातात आलं,
त्याच्या पाठीवर कुत्र्याचं पाऊल.
चारही बोटं, नखांसकट, भाजून पक्की झालेली.
खाली दिलं तिला.
तिनं अंगठा त्यात ठेवून पाहिला.
"चाक ह्यायचं, थापणं माह्यं.
वाळत घातले होते अंगणात, अन् हा आला चालत.
पाटील नाव होतं त्याचं.
पाटलाले सांगू नोका."
मग बराच वेळ काठी हलली नाही.
"लय मारलं होतं म्या त्याले त्या दिवशी."

रविवारी उपासनेत खडकावरच्या घराचा संदेश झाला.
माझ्या नखांत अजून काजळी होती.
आमच्याकडे खडक लागायला तीस फूट खणावं लागतं.
काळी माती उन्हाळ्यात अशी उलते
की भेगेत चप्पल जाते, परत येत नाही.
वाळूवर बांधणाऱ्याचं काय झालं ते सांगितलं.
काळ्या मातीवरचं कुणी बोललं नाही.
आमेन म्हणून आम्ही परत ट्रॉलीत बसलो.

शेवटी साठेक कवेलू कमी पडली.
ईनोसनं टिनाकडे पाहिलं, आम्ही ईनोसकडे.
गिरजाबाईनं हिशेब केला, म्हणाली,
"चुलीवर घाला एक. धुराले काय गरम लागते?"
उरलेली पाच आम्ही न बोलता लादली.

आधीचा फोटो तिनं काढू दिला नव्हता,
डोक्सं इंचरलं नाही म्हणून.
नंतरचा मात्र काढा म्हणाली,
आणि ईनोस "हसा" म्हणतोय तोवर
पाठ फिरवून, काठीवर जोर देऊन,
वर बघत राहिली.

अहवालात तोच गेला.
तिची पाठ, वेणीची गाठ,
माझी शिडीवरची एक टाच,
आणि तिसऱ्या ओळीत,
मोठा करून पाहिला तरच दिसतं,
पाटील.