तालीम

पोराचा फोन आला : सोमवारी क्रूझ सुटणार,
सात मजली, वर पोहायचा तलाव.
"पाण्यावर आणि पाणी कशाला?" म्हणालात,
आणि मला घेऊन रंकाळ्यावर आलात,
मळमळतंय का बघायला.

पायडलची बोट, अर्ध्या तासाचे शंभर,
चोच तुटलेला हंस.
जॅकेटाला कुणाच्या तरी घामाचा वास.
तुमचा गुडघा दहाव्याच पायडलला बोलला,
मग मीच मारत राहिले
संध्यामठाच्या अंगानं.

उद्यमनगरात चौतीस वर्षं लोखंड ओतलंत,
म्हणून भरवसा नाही तुमचा.
"बीड बुडतं, शेवंता. माझ्या हातनं पडलंय हौदात."
मी म्हटलं, कढई तरंगते की
घासायच्या टबात.
रिकामी असली तर.

तुम्ही गप्प. आपण जलपर्णीत अडकलेलो.
काठावर भेळेच्या गाड्यांचे दिवे लागले
आणि आपलं गाव पहिल्यांदाच
असं लांबनं दिसलं,
निघालेल्या माणसाला दिसतं तसं.

शिट्टी वाजली.
"काय, मळमळलं?"
नाही, म्हटलं मी.
बोटवाल्यानं दोनदा मागितलं,
तरी जॅकेट काढायला
तुम्ही उशीर लावलात.